तिसऱ्या हंड्याचं नाव

रंगशाळेत तांब्याचे तीन मोठे हंडे होते आणि त्यांतल्या दोघांनाच नावं होती. निळ्याचा हंडा तो एसेक, लालचा तो सितना. पिवळ्याच्या हंड्याला सगळे नुसतं 'तिसरा' म्हणत. दोन लेकरांचं कोडकौतुक झाल्यावर तिसऱ्याचं नाव ठेवायचं राहून जावं, तशी त्याची गत झाली होती.

"एसेक कोमट झाला का बघा." "सितनाला जरा ढवळा, सगळा तळाशी बसलाय." असं बोलणं त्या छपराखाली दिवसभर चालायचं. नव्या गिऱ्हाइकाला वाटे, इथे एसेक आणि सितना नावाचे दोन आळशी गडी कामाला ठेवलेत.

नावं ठेवली होती अप्पांनी, आणि हंडे सांभाळत होती त्यांची लेक, निळी. तिचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर होतं आणि ते तिथेच राहिलं. चालायला लागल्याबरोबर तिने निळ्या हंड्यात कोपरापर्यंत हात बुडवले होते. आता चाळिशी उलटली तरी हात निळे ते निळेच. राग मात्र लाल, आणि तो कायम नाकाच्या शेंड्यावर. गिऱ्हाइकं म्हणत, बाईंचा रंग पक्का आहे, कितीही धुतला तरी जात नाही. हे कापडाबद्दल चाललंय की स्वभावाबद्दल, ते तिने कधी विचारलं नाही.

अप्पा रोज सकाळी हिब्रू लोकांचं जुनं शास्त्र मोठ्याने वाचत. नेमकं त्याच वेळी निळीला सूत भिजत घालायचं असे. म्हणजे कान छपराच्या या टोकाला आणि लक्ष त्या टोकाला. एवढ्या वर्षांत तिच्या कानावर एसेक पडलं, सितना पडलं, पण भोवतीची गोष्ट काही पडली नाही. तेव्हा तिने आपल्या मनाशीच ठरवून टाकलं की ज्या अर्थी निळ्याच्या हंड्याला एसेक म्हणतात आणि लालच्या हंड्याला सितना, त्या अर्थी हिब्रू भाषेत ही रंगांचीच नावं असणार. हाताच्या काकणाला आरसा कशाला? लहानपणी एकदा तिने अप्पांना विचारलंही होतं. अप्पा हसले होते. ते हसणं तिने होकारात जमा केलं.

पुढे धंदा तिच्या हातात आला, तेव्हा तिने निळ्या कापडाच्या प्रत्येक गठ्ठ्यावर चिठ्ठी लावायला सुरुवात केली : 'एसेक निळा. शास्त्रातला अस्सल रंग.' अप्पांची नजर तोवर मंदावली होती, त्यांना चिठ्ठ्या दिसल्या नाहीत. कापड मात्र धडाक्याने खपलं.

पण खपलं ते चिठ्ठीमुळे नव्हे, हे निळीलाही ठाऊक होतं. रंगशाळेची खरी मालकीण अंगणातली विहीर होती. रंग कोणीही कालवील, पाणी कुठून आणणार? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं म्हणतात ना, ते रंगाऱ्यांनीच पहिल्यांदा म्हटलं असावं. शेवटच्या घराच्याही पलीकडची ही खडकाळ जागा फुकट दिली तरी कुणी घेतली नसती. अप्पांनी घेतली, पहार उचलली आणि खणली. लागलेलं पाणी असं निघालं की त्यात लाल टाकला तर तो लालच राहायचा. अप्पा अजूनही रोज सकाळी पहिल्या बादलीतलं ओंजळभर पाणी तोंडात घोळवून सांगत, "आज गोड आहे," नाहीतर, "आज जड आहे, तुरटी बेताने घाल." डोळे गेले तरी जीभ शाबूत होती.

तर अशा या विहिरीवर एका दुपारी संकट आलं, आणि ते निळीच्या नवऱ्याने टेम्पोत घालून आणलं. तो गठ्ठे पोचवून आला आणि चाक तपासता तपासता सहज म्हणाला, "अगं, तुझा दादा भेटला बाजारात. थोरल्या काकांचा. हंगामाची गडबड संपली की येतो म्हणाला. विहिरीचं बोलायचंय."

निळीच्या तोंडचं पाणीच पळालं.

थोरले काका म्हणजे अप्पांचे सख्खे भाऊ. आता ते हयात नव्हते. दोघा भावांची मिळून एक रंगशाळा होती, तिथली विहीर अप्पांनी खणली होती. पाणी उत्तम लागलं आणि थोरले काका म्हणाले, विहीर माझी. निळी तेव्हा एवढीशी होती. तिला आठवत होतं ते इतकंच की अप्पा म्हणाले, "चला," आणि एका हातगाडीवर तांब्याचा हंडा चढला, हंड्यात पातेली, पातेल्यांत ती. दुसरी विहीर अप्पांनी एका भागीदाराच्या जागेत खणली. पाणी लागलं तसा भागीदाराचाही सूर बदलला. अप्पा पुन्हा म्हणाले, "चला." या वेळी हंडे दोन होते आणि निळी गाडीमागून चालत होती. भागीदार विहिरीच्या काठावर पाय सोडून बसला होता आणि अप्पांनी त्याला निघताना हात जोडले होते. ते जोडलेले हात निळीच्या मनातून कधी गेले नाहीत. तिचा बाप चांगला होता, कामसू होता, पण भित्रा होता, हे तिने त्या दिवशी ठरवलं. तिसऱ्या वेळी कुणी आलं, तर गाठ तिच्याशी होती.

दुसऱ्या दिवशी ती भंगारवाल्याकडून एक जाड लोखंडी पत्रा घेऊन आली. विहिरीच्या तोंडावर तो बसवून घेतला, कडी ठोकली, मुठीएवढं कुलूप लावलं आणि किल्ली कंबरेला बांधली.

अप्पा काठीने चाचपत आले. पत्र्यावर काठी आपटून त्यांनी आवाज ऐकला.

"झाकण घालायचंच होतं तर लाकडाचं घालायचं," ते म्हणाले.

"लाकडावर कुलूप टिकत नाही, अप्पा."

"बरं," अप्पा म्हणाले. कोणत्याही वादात त्यांचा हाच शेवटचा शब्द असे आणि निळीला त्याचा सगळ्यात जास्त राग येई.

मग जी तारांबळ उडाली ती विचारू नका. प्रत्येक बादलीला निळी हवी. ती हिशेबाला बसली की सितना कोरडा, ती जेवायला बसली की धुलाई बंद. पत्रा करकरत बाजूला सरकायचा, करकरत परत बसायचा. नवरा म्हणाला, "चोरांना बाहेर ठेवायला कुलूप ऐकलं होतं, घरच्यांना तहानलेलं ठेवायला पहिल्यांदाच बघतोय." त्या दिवशी त्याला चहासाठी लागणारं पाणीही बऱ्याच उशिरा मिळालं.

त्यातच धंद्यात रंगाचा बेरंग व्हायला लागला. निळा नेहमीसारखा झकास उतरायचा, पण लाल विटकरी व्हायला लागला, मग तपकिरी. पिवळ्यात हिरवट मळकी झाक यायला लागली. निळीने सूतवाल्याला फोनवर फैलावर घेतलं. तुरटीवाल्याचा उद्धार केला. लालसाठीच्या मंजिष्ठेच्या मुळ्या बदलल्या. सितना घासून घासून लख्ख केला. ज्याच्यावर रागवायचं त्याला सोडून ती साऱ्या जगावर रागावली होती.

अशा वेळी गुरुजी आले. हे गुरुजी धर्मशिक्षणाच्या शाळेत हिब्रू शिकवत. वाचनाच्या मेजावर घालायला त्यांनी लाल कापड सांगितलं होतं. निळीने ते उलगडून दाखवलं तेव्हा तिलाच मान वर करवेना.

"लाल जरा उदास वाटतोय," गुरुजी हळूच म्हणाले. ते सभ्य गृहस्थ होते.

"सूत खराब लागलं. पुन्हा करून देते. तोवर बसा, चहा घ्या."

गुरुजी चहा घेत बसले आणि त्यांची नजर निळ्या गठ्ठ्यांवरच्या चिठ्ठ्यांवर गेली. त्यांनी चष्मा पुसला. पुन्हा वाचलं. मग त्यांना असं हसू फुटलं की कपातला अर्धा चहा बशीत आला.

"बाई, हे नाव कुणी काढलं?"

"मीच. हिब्रूत निळ्याला एसेक म्हणतात ना."

"निळ्याला नाही हो, तंट्याला म्हणतात! एसेक म्हणजे भांडण, झोंबाझोंबी. अहो, तुम्ही बाजारभर तंटा विकताय, आणि तोही अस्सल!"

निळीचा चेहरा सितनासारखा झाला. "आणि सितना?" तिने विचारलंच.

"ते त्याहून कडक. वैर. सैतान शब्द माहीत आहे ना? त्याच मुळातून आलेला, सख्खं भावंड समजा."

"तरीच सारखा उतू जातो," टेम्पोखालून नवऱ्याचा आवाज आला.

गुरुजींनी तिचा चेहरा पाहिला आणि हसू आवरलं. "रंग नाहीत ते. जागा आहेत. दोन विहिरींची नावं. इसहाकाने ठेवलेली. एखाद्या ठिकाणी काय घडलं, ते नावातच सांगून ठेवायची त्या लोकांची रीत होती. नाव उच्चारलं की गोष्ट आठवलीच पाहिजे." मग त्यांनी ओसरीत बसलेल्या अप्पांकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "पुढचं मी सांगणार नाही. ज्यांनी ही नावं हंड्यांना दिली, त्यांना ती गोष्ट माझ्यापेक्षा चांगली कळली असणार."

गुरुजी गेले. निळी चिठ्ठ्यांचा अख्खा गठ्ठा घेऊन अप्पांसमोर उभी राहिली.

"अप्पा, मी लहान असताना विचारलं तेव्हा हसलात कशाला? सांगायचं होतंत ना!"

"तू म्हणालीस, एसेक म्हणजे निळा. मला वाटलं, बरंच आहे. भांडणाचं नाव घेतल्यावर पोरीला रंग आठवतो, तर आठवू दे की." अप्पांनी काठी बाजूला ठेवली. "बस इथे. एकदा तरी हात रिकामे ठेवून ऐक."

आणि अप्पांनी सांगितलं. इसहाक गरारच्या खोऱ्यात राहायला आला. त्याच्या बापाने, अब्राहामाने खणलेल्या विहिरी तिथल्या लोकांनी माती लोटून बुजवल्या होत्या. विचार कर, अप्पा म्हणाले, उन्हाचा देश, आणि माणसं पाण्यात माती टाकतात. का, तर दुसऱ्याला मिळू नये. इसहाकाने त्या उकरल्या आणि बापाने ठेवली होती तीच नावं त्यांना पुन्हा दिली. मग त्याच्या माणसांनी स्वतःची एक विहीर खणली, जिवंत झऱ्याची. तिथले गुराखी धावून आले, पाणी आमचं. इसहाकाने तिचं नाव ठेवलं एसेक आणि तो पुढे निघाला. दुसरी खणली. तिच्यावरूनही तेच. तिचं नाव सितना. पुन्हा पुढे.

"म्हणजे पळाला," निळी म्हणाली.

"हं."

"दोनदा पळाला. तुमच्यासारखा." बोलून गेल्यावर तिला वाटलं, जीभ हासडावी. पण बोललेलं परत येत नाही.

अप्पा रागावले नाहीत. त्यांनी तिचे निळे हात आपल्या हातात घेतले. त्यांच्या तळव्यांवर पहारीचे घट्टे अजून तसेच होते. "निळे, विहीर एकदा खणून बघ. खडक लागला की पहार उलटी उडते आणि खांद्यापर्यंत झिणझिण्या येतात. वर माती काढायला कुणी नसलं की स्वतःच चढायचं, स्वतःच उतरायचं. पाणी लागेल याची खात्री नाही. एवढं करून लागलेलं पाणी सोडायचं आणि दुसरीकडे जाऊन पुन्हा पहिला घाव घालायचा. पळणारा माणूस हे करत नाही. पळणारा जाऊन दुसऱ्याच्या विहिरीवर बसतो."

तिसरी विहीर खणतानाची अप्पांची पाठ निळीला आठवली. खडकाच्या भुकटीने पांढरी झालेली, आणि त्या पांढऱ्यावर घामाचे ओघळ. ती वरून दोरीला भाकरतुकडा बांधून सोडायची आणि खालून अप्पांचं गाणं ऐकू यायचं. हो, गाणं. रडगाणं नव्हे. हे ती इतकी वर्षं विसरूनच गेली होती.

"मग तिसरीचं नाव काय ठेवलं त्याने?"

"रहोबोथ." अप्पांनी तो शब्द पहिल्या बादलीचं पाणी तोंडात घोळवावं तसा सावकाश उच्चारला. "रुंद जागा. ऐसपैस. त्यांच्याकडे चौकाला, मोठ्या रस्त्याला शब्द आहे ना, त्याच कुळातला. तिसरीवर कुणी भांडायला आलं नाही. तेव्हा इसहाक म्हणाला, देवाने आता आम्हाला जागा करून दिली. बघ, 'मला' नाही म्हणाला. 'आम्हाला' म्हणाला."

"आपली तिसरी विहीर आहे, तिसरा हंडा आहे. मग त्याचं नाव तुम्ही का नाही ठेवलंत?"

"ते नाव खणून मिळत नाही गं. कुणी भांडायला यायचं उरलं नाही, की मिळतं. माझ्या भावाशी माझं भांडण मिटलं नाही, तो तसाच गेला. मग कसल्या तोंडाने ठेवू?" अप्पांनी मान विहिरीकडे वळवली. "आणि कुलूप लावलेल्या जागेला ऐसपैस म्हणायचं म्हणजे जरा जास्तच होतं."

"कुलूप निघणार नाही," निळी उठत म्हणाली. "इसहाकाकडे कुणी तिसऱ्यांदा आलं नव्हतं."

"आलं होतं," अप्पा म्हणाले. "पुढे आलं होतं. ज्यांनी त्याला हाकललं तेच त्याच्या दारात आले. इसहाकाने विचारलं, तुम्ही माझा द्वेष करता ना, मग आलात कशाला? आणि विचारून झाल्यावर त्याने त्यांना जेवू घातलं."

"बरं," निळी म्हणाली. या वेळी तो शब्द तिने वापरला.

हंगाम संपला आणि दादा आला. निळी विहिरीच्या काठाशी उभी राहिली होती, कंबरेची किल्ली दिसेल अशी. मनात तिने थोरले काका उभे केले होते, उंच, भरदार, बोट नाचवणारे. फाटकातून आला तो केस पिकलेला, खांदे पडलेला माणूस, हातात एक पिशवी. आधी तो अप्पांच्या पाया पडला. मग तिच्याकडे वळून संकोचाने म्हणाला, "तुझा एसेक निळा आमच्या बाजारातही येतो हं. काय नाव काढलंस! ऐकतच राहावं असं."

अप्पांना एकदम खोकला आला. ओसरीतून नवऱ्यालाही आला.

निळी मात्र हसली नाही. इतके दिवस घोटून ठेवलेलं वाक्य तिने बाहेर काढलं. "तुमच्या घरच्यांनी आम्हाला पाण्यात पाहिलं, दादा. मग आता आलास कशाला?"

दादा काठावर टेकला. "विहीर मागायला नाही आलो. तसं वाटलं असेल तुला, वाटणारच." त्याने पिशवीतून लाल सुताची एक लडी काढून तिच्या हातात ठेवली. "पाणी मागायला आलोय. आमची विहीर गेली. पाणी आहे, पण त्यात रंग मरतो. निळा तेवढा होतो. लाल बघ."

लडी तपकिरी होती. उदास, गुरुजी म्हणाले होते तशी.

"कशाने गेली?" तिने विचारलं.

दादाने अप्पांकडे पाहिलं. "काका, तुम्ही निघालात तो दिवस मला लख्ख आठवतो. गाडी दिसेनाशी झाली तरी बाबा विहिरीजवळ जाईनात. त्यांना वाटत होतं, तुम्ही जाताना माती लोटली असेल, दगड टाकले असतील. मला म्हणाले, तू बघ रे. मी बादली सोडली. आणि दोर हाताला बोचलाच नाही. त्या जुन्या दोराने माझे तळवे सोलवटायचे. बघतो तर नवा कोरा दोर. बादलीचं बूड गळायचं, ते ठोकून सांधलेलं. आत वाकलो तर तळ दिसला, इतकी विहीर उपसून साफ केलेली. मी बाबांना हाक मारली. बाबा आले, दोर हातात धरला आणि इथे बसलोय तसे काठावर बसून ढसाढसा रडले."

सितनातून वाफ निघत होती.

"मग बोलवायचं होतं ना त्यांनी," निळी म्हणाली. तिचा आवाज तिला हवा तेवढा कडक निघाला नाही.

"लाज वाटली असेल. आणि भीतीही. म्हणाले, एवढा चांगला दोर कुणी परक्यासाठी लावत नाही, तो परत येणार आणि विहीर मागणार. दुसऱ्याच दिवशी लोखंडी जाळी आणली आणि कुलूप ठोकलं. जन्मभर किल्ली गळ्यात. जाळी गंजत गेली, तिचे पापुद्रे आत पडत राहिले, शेवटी अख्खीच्या अख्खी तळाशी जाऊन चिखलात रुतली. मी उपसा करून काढली, पण पाण्यातून लोखंड काही गेलं नाही."

निळीने हातातल्या लडीकडे पाहिलं. मग वर, दोरीवर वाळत घातलेल्या गुरुजींच्या कापडाकडे पाहिलं. तिसऱ्यांदा रंगवलेलं ते कापड. दोन्ही लाल एकाच आजाराने मेलेले होते. लोखंड लागलं की लाल काळवंडतो, पिवळा मळतो आणि निळ्याला काही होत नाही, हे रंगाऱ्याच्या पोराला बोलता येण्याआधी कळतं. तिने आयुष्यभर लोखंडाची कढई छपराखाली येऊ दिली नव्हती. आणि रागाच्या भरात तिने भंगारातलं लोखंड थेट विहिरीच्या तोंडावर ठेवलं होतं, रोज करकरत सरकवलं होतं.

ती झाकणाजवळ गेली. कुलूप उघडून तिने पत्रा तिरका केला आणि खालून हात फिरवला. निळ्या बोटांवर तांबूस भुकटीचा जाड थर आला.

"अप्पा, तुम्हाला माहीत होतं."

"जिभेला पहिल्याच आठवड्यात कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो की. लाकडाचं घाल म्हणालो."

नवरा मोठ्याने हसला आणि या खेपेला निळीही हसली, पण हसता हसता तिचे डोळे भरून आले. ती अप्पांच्या पुढ्यात जमिनीवरच बसली.

"ते जाऊ दे. मला एक सांगा. तुम्हाला हाकलून देत होते, आणि तुम्ही नवा दोर लावत बसलात? का?"

अप्पा अवघडले. चांगलं केलेलं उघडं पडलं की ते असे अवघडायचे, एखाद्याची चोरी पकडावी तसे. "त्यात काय एवढं? जुना झिजला होता. पाणी हा काढायचा, एवढंसं पोर. दोर तुटला असता, तोल गेला असता. भांडण मोठ्यांचं होतं, त्याचं नव्हतं." मग म्हणाले, "दुसरीकडेही लावला होता. त्या भागीदाराला हात जोडले ते हेच सांगायला की बाबा, दोर नवा आहे, दोन दिवस भिजू दे, मग वजन घाल."

निळीला रडू आवरेना. ज्या जोडलेल्या हातांची तिला इतकी वर्षं लाज वाटली, ते हात हे सांगत होते. आपला बाप भित्रा म्हणून ती साऱ्या जगाशी भांडत राहिली, आणि बाप असा की त्याच्या पासंगालाही पुरेल असं तिने कुणी पाहिलं नव्हतं. तिने हे त्याला सांगितलंही, तोडक्या मोडक्या शब्दांत, सगळ्यांसमोर. अप्पा म्हणाले, "बरं, बरं, सितना उतू जाईल."

मग ती उठली. "दादा, हा पत्रा धर तिकडून."

दोघांनी मिळून झाकण उचललं. नवरा म्हणाला, भंगारात टाकून येतो. निळी म्हणाली, "टाकता कशाला? गंजाचं पाणी आणि डाळिंबाची साल, काळा रंग करायला लागेलच की." राग गेला होता, धंदा गेला नव्हता. विहीर उपसली, दादाने कमरेला दोर बांधून आत उतरून तळ धुतला, आणि नवीन पाणी झिरपून निवळल्यावर त्यानेच पहिली बादली काढली. अप्पांनी ओंजळ पुढे केली. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

"गोड आहे," अप्पा म्हणाले. "भावाच्या विहिरीचं होतं तसं."

"आठवड्याला टेम्पोभर दिलंस तरी माझं भागेल," दादा निळीला म्हणाला. "लाल आणि पिवळ्यापुरतं."

निळीने पांढऱ्या रंगाचा डबा आणि कुंचला घेतला आणि ती तिसऱ्या हंड्यासमोर उकिडवी बसली. अप्पांकडे वळून म्हणाली, "ठेवू का?"

अप्पांना हंडाही दिसत नव्हता आणि कुंचलाही. पण त्यांना कळलं. त्यांनी नुसती मान हलवली, आणि ती बराच वेळ हलवत राहिले.

निळीने अक्षरं सावकाश काढली. दादा मागे उभा राहून वाचत होता. "रहोबोथ," त्याने वाचलं. "हा कुठला रंग गं?"

"रंग नाही रे, जागा," निळी म्हणाली. "पाणी वाहून कशाला नेतोस? तुझे हंडे घेऊन ये. या वाळत घालायच्या दोऱ्या तिकडे सरकवल्या की भिंतीपर्यंत सगळं मोकळं होतं."